रोजनिशी आणि रफार

माझ्या रोजनिशीचे पहिले जाहीर वाचन मी आठवीत असताना झाले. वाचन अर्थातच मी केले नाही, ताईने केले. दिवाळीत आत्या, काका, त्यांची मुले अशी पंधरा-सोळा माणसे घरी जमली होती. फराळाची ताटे फिरत होती. तेवढ्यात ताईने माझ्या दप्तरातून वही काढली आणि "ऐका हं मंडळी" म्हणून एक पान वाचायला सुरुवात केली. पान तिच्याविषयीचेच होते, तिला बघायला पाहुणे येऊन गेले त्या दिवशीचे. पाहुण्यांसमोर ताई नेहमीसारखी हसत नाही, तोंडावर हात धरून हसते, आणि पाहुणे गेल्यावरही दोन दिवस ती तशीच हसत होती, असे काहीसे मी लिहिले होते. सगळे खो खो हसले. ताईही हसली, आणि तोंडावर हात न धरता हसली. मी मात्र न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले.

त्या पानात लपवण्यासारखे काही नव्हते, हे मला आज कळते. पण एखादी गोष्ट लपवण्यासारखी नसली म्हणजे ती सोळा माणसांसमोर वाचून दाखवण्यासारखी असते असे नाही. हे तेव्हा मला कुणाला समजावून सांगता आले नसते. वहीला जत्रेतून आणलेले एक पितळी कुलूप होते. ते केसांच्या पिनेने उघडते हे ताईला माहीत होते. कारण मलाही ते तिनेच दाखवले होते.

त्या दिवाळीनंतर मी वही बंद केली आणि अण्णांच्या दुकानातल्या संगणकावर लिहू लागले. ते साल २०१८.

अण्णांचे दुकान तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत आहे. पाटीवर 'टायपिंग, डी.टी.पी., झेरॉक्स' असे लिहिलेले आहे. सातबाऱ्यासाठीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याच्या पत्रिका आणि निवडणूक आली की उमेदवारांची पत्रके, असा सगळा तालुका तिथे टाइप होतो. अण्णांनी तरुणपणी टंकलेखनाच्या मराठी तीस आणि मराठी चाळीस अशा दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे टाइपरायटर गेला आणि संगणक आला, पण अण्णांच्या बोटांनी तो बदल मान्य केला नाही. कळफलक संगणकाचा, त्यावरची मांडणी टाइपरायटरची. तीच मीही शिकले. कचेरी सुटली की गल्ली रिकामी होई आणि तासभर मशीन मला मिळे. दुकानात संगणकाला मशीनच म्हणतात.

अण्णांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कागद टाइप करताना अक्षरे बघायची, मजकूर वाचायचा नाही. मृत्युपत्रे, घटस्फोटाच्या नोटिसा, भावाभावांच्या वाटण्या हे सारे त्यांच्या बोटांखालून गेले. पण त्यातला एक शब्द घरी आला नाही. आई कधी कुतूहलाने विचारी, "त्यांच्या वाटणीचं काय झालं हो शेवटी?" अण्णा म्हणत, "मला काय माहीत? मी फक्त टाइप केलं." आम्हां बहिणींना ते ढोंग वाटे. पुढे मी स्वतः दुकानात बसून गिऱ्हाइकांचे अर्ज करू लागले तेव्हा कळले, की ते ढोंग नव्हते. हात वेगाने चालू लागला की अर्थ खरोखरच मागे पडतो. बोटांना फक्त 'पुढचे अक्षर कोणते' एवढेच कळत असते.

ह्या नियमावर विसंबून मी माझी रोजनिशी त्यांच्याच मशीनमध्ये ठेवली. शिवाय खबरदारी म्हणून फाइलींना 'भूगोल-स्वाध्याय १', 'भूगोल-स्वाध्याय २' अशी नावे दिली. कुणी जवळून उघडले तर 'इतिहास-नकाशे' आणि 'मूल्यशिक्षण' अशीही दोन-चार नावे अधूनमधून पेरली. भूगोलाचा स्वाध्याय आपण होऊन उघडून वाचणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. तीन वर्षे मी निर्धास्तपणे लिहीत होते. २०२०च्या टाळेबंदीत तर दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आम्ही दोघे आत बसत असू. ते हिशेबाच्या वह्या घेऊन आणि मी भूगोल घेऊन.

आता थोडे तांत्रिक सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. अण्णांच्या मशीनमध्ये मराठी होते, पण मशीनला मराठी येत नव्हते. हे जुने मराठी फाँट तयार झाले तेव्हा एका फाँटात जास्तीत जास्त २५६ खण असत, आणि ते इंग्रजीच्या हिशेबाने आखलेले. मराठीची अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, जोडाक्षरे एवढ्या खणांत बसवायची म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. 'ग' म्हणजे अर्धा ग आणि त्यापुढे एक काना. मशीनच्या लेखी तिथे इंग्रजीतले कुठलेतरी अक्षर आणि त्यापुढे आणखी कुठलेतरी चिन्ह असे. वर फाँटाचा पडदा असल्यामुळे आपल्याला 'ग' दिसे. बरे, हे तुकडे कोणत्या खणात ठेवायचे ते प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे एका कंपनीच्या फाँटातला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फाँटात लावला की नुसता अक्षरांचा चिवडा व्हायचा.

हा घोळ संपवण्यासाठी युनिकोड आले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीला तिचे स्वतःचे १२८ खण मिळाले, आणि त्यांची मांडणी भारतातच १९८८ साली ठरलेल्या इस्की ह्या पद्धतीवर आधारलेली होती. युनिकोडमधला क हा जगातल्या कुठल्याही यंत्रावर क च असतो. मराठीची सगळी सोय काही एकदम झाली नाही. 'ॲडमिशन'मधल्या ॲ ला स्वतःचा खण मिळायला २००८ साल उजाडावे लागले! अण्णा मात्र युनिकोडला 'मोबाइलचं मराठी' म्हणत आणि 'ते छपाईला चालत नाही' असे सांगून विषय संपवत. त्यात तथ्यही होते. पाने लावण्याच्या त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी घातले की जोडाक्षरे सुटी होऊन पडत. पण खरे कारण त्यांची बोटे हेच होते.

२०२१च्या पावसाळ्यात एका रात्री विजेचा दाब वाढला आणि मशीन गेले. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क उघडून त्यातले वाचले तेवढे एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिले. मशीन नवे आले. पण जुने मराठी सॉफ्टवेअर त्यावर चालेना. त्या सॉफ्टवेअरला एक लॉक असे. लॉक म्हणजे प्रिंटरच्या जागी मागे खोचायचा अंगठ्याएवढा ठोकळा. तो खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच व्हायचे नाही. आणि नव्या मशीनला ती जागाच नव्हती. शेवटी अण्णांनी दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले. दुकान चालू झाले. माझे भूगोल-स्वाध्याय मात्र त्या दिवसापासून बंद झाले. फाइल उघडावी तर पडद्यावर डोक्यावर टिंबे, टोप्या आणि शेंड्या असलेली परकी अक्षरे ओळीने उभी. मधूनच एखादा स्वल्पविराम तेवढा ओळखीचा.

मी अण्णांना म्हणाले, "जुना फाँट कुणाकडून तरी मिळेल ना? नुसता वाचायला?"

"मिळेल की. बसस्टँडजवळच्या प्रेसमध्ये आहे. उद्या आणतो."

हे 'उद्या' चार वर्षे चालले. अण्णा विसराळू नाहीत. गिऱ्हाइकाने दिलेली पासपोर्ट आकाराची फोटोची जास्तीची प्रत ते वर्षभर जपून परत करतात. पण हे मला तेव्हा सुचले नाही.

पहिल्या वर्षाला असताना इंग्रजीच्या सरांनी सॅम्युअल पेपिस ह्याच्या रोजनिशीविषयी सांगितले होते. ह्या गृहस्थाने लंडनमध्ये १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षे रोजनिशी लिहिली, आणि ती शॉर्टहँडमध्ये लिहिली. तो वारल्यावर सहा खंड केंब्रिजच्या एका कॉलेजात जाऊन पडले. पुढे एका तरुणाने १८१९ पासून तीन वर्षे खपून त्यातले अक्षर न् अक्षर उलगडले, आणि १८२५ साली त्यातला काही भाग छापून निघाला. गंमत अशी, की त्या शॉर्टहँडचे पुस्तक पेपिसच्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहात, त्याच इमारतीत होते. ते उलगडणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते. वर्ग हसला. मी मात्र माझ्या पेन ड्राइव्हचा विचार करीत होते. पेपिसला आपली रोजनिशी कुणी वाचावी असे वाटत होते की नव्हते? वाटत नव्हते तर किल्ली शेजारी का ठेवली, आणि वाटत होते तर कुलूप का लावले? मी सरांना हे विचारले. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याला दोन्ही वाटत असतं." एवढ्यावर तास संपला.

मधल्या काळात मी फोनवर लिहू लागले. फोनवरच्या मराठीची कटकट वेगळीच. तिथला कळफलक फार हुशार! तुम्ही काय लिहिता ते तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला शब्द सुचवतो. एकदा वर्गातल्या मैत्रिणीने निरोप पाठवायला माझा फोन घेतला. तिने 'मला' एवढेच लिहिले. फोनने पुढे 'कंटाळा', मग 'आलाय', मग 'सगळ्यांचा' असे ओळीने सुचवले. "सगळ्यांचा म्हणजे माझाही का गं?" तिने विचारले. त्यानंतर मी कळफलकाचे शिकणे बंद करून टाकले. तर त्याबरोबर तो आमच्या गावाचे नावही विसरला. मग एका फाइलीला पासवर्ड लावला आणि तो स्वतःच विसरले. २०२२ सालातले माझे तीन महिने अजून त्या फाइलीत बसून आहेत. ते फार चांगले महिने होते असे आठवते, पण पुरावा नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे तिचे काम आहे. आमच्या घरात खाते एकच. २०१६ साली अण्णांनी पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा आतेभावाने त्यांच्या नावाने ते उघडून दिले. मग आईचा फोन आला, माझा आला, माझा लॅपटॉप आला. दरवेळी नवे खाते कशाला, म्हणून तेच. त्यामुळे आईने गॅसच्या पावतीचा फोटो काढला की तो मला दिसतो, आणि मी गॅदरिंगला काढलेले फोटो आईला. हे गैरसोयीचे आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. घर एकच, कपाटे एकच, तसे खातेही एकच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ठरवले की अण्णांच्या 'उद्या'ची वाट न पाहता हे स्वाध्याय स्वतःच सोडवायचे. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी पाने इंटरनेटवर फुकट मिळतात. एका चौकटीत चिवडा टाकायचा, बटण दाबायचे, दुसऱ्या चौकटीत मराठी. पण चौकटीपाशी माझा हात थांबला. ताईने सोळा जणांसमोर वाचले तर मी न्हाणीघरात जाऊन बसले होते, आणि आता तीच तीन वर्षे कुणा अनोळखी माणसाच्या पानावर नेऊन ओतायची! तो ठेवून घेणार नाही कशावरून? संगणकाच्या वर्गातल्या एका मुलाने युक्ती सांगितली. ही पाने पुष्कळदा सगळे काम आपल्याच मशीनमध्ये करतात. पान उघडायचे, मग इंटरनेट बंद करायचे आणि मगच बटण दाबायचे. तरीही मराठी निघाले तर समजायचे की मजकूर बाहेर गेलेला नाही. मी तसे केले. निघाले! चार वर्षांनी 'भूगोल-स्वाध्याय १' उघडला, आणि पहिलेच वाक्य होते की आज ताईशी बोलणार नाही.

निघाले खरे, पण धडधाकट निघाले नाही. टाइपरायटरवर आपण अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने मारतो. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. रफार शेवटी डोक्यावर बसतो, म्हणून आधी अक्षर, मग रफार. युनिकोड मात्र तोंडाने उच्चारतो तो क्रम धरते: 'वर्ष'मध्ये र् आधी आणि ष नंतर. हा क्रम उलटवण्याचे काम त्या पानाला नीट जमत नव्हते. त्यामुळे सगळीकडे 'वर्ष'चे 'वषर्' झालेले, 'सर्व'चे 'सवर्', 'मार्च'चा 'माचर्'. पहिल्या वेलांट्या शेजारच्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटलेल्या. माझे तेरावे वर्ष तोतरे बोलत आहे असे वाटले. मी रोज रात्री एकेक फाइल घेई, बदली, जतन करी, आणि मग वाचत वाचत रफार जागेवर बसवी.

अडचण एकच होती. फाइलींना मी इतकी खोटी नावे दिली होती की माझ्या कोणत्या आणि दुकानाच्या कोणत्या, हेच आता आठवत नव्हते. उघडून बघावे तर सगळीकडे तोच चिवडा. बदलल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. अशा रीतीने एका रात्री मी 'लग्नपत्रिका नमुना ९' नावाची फाइल बदलली, नेहमीप्रमाणे जतन केली आणि वाचू लागले.

ती माझी नव्हती. लग्नपत्रिकाही नव्हती. तारीख २००८ सालच्या फेब्रुवारीतली होती. तेव्हा मी तीन वर्षांची असेन.

'आज काम नव्हते. लाइट चार ते आठ नव्हती. नऊपर्यंत अंधारात बसलो. घरी काम होते असे सांगितले.'

ही वाक्ये जवळजवळ शुद्ध निघाली होती. पुढच्या ओळींत 'कजर्' हा शब्द तीन वेळा आला, आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्सचा उल्लेख आला. त्यानंतर इथे दोन वाक्ये होती. हा लेख अंकाला देण्यापूर्वी मी अण्णांना वाचून दाखवला, तेव्हा ती काढायला सांगितली, म्हणून काढली. (ताईलाही फोनवर विचारले. ती म्हणाली, "हसण्याचं राहू दे. ते आता सगळ्यांना माहीतच आहे.")

अर्धे पान झाल्यावर मी लॅपटॉप मिटला. अर्धे का, ह्याचे चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. पहिल्या तीन ओळींतच कळले होते की हे अण्णांचे आहे. पुढच्या दहा मी ते कळूनही वाचल्या. अक्षरे बघायची, मजकूर वाचायचा नाही हा नियम मला पाठ होता, पण तो टाइप करणाऱ्यासाठी आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. ताईने निदान सर्वांसमोर वाचले होते. मी रात्री साडेअकराला, दार लोटून वाचत होते.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो आहोत, की २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. मी तो मुद्दाम काढून बघितला. एखाद्याने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर त्याला हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे बाहेरच्यांनी काय करू नये ते ठरलेले आहे. मुलीने बापाची फाइल उघडू नये, हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले आहे.

ती बदललेली फाइल मी त्याच रात्री पुसून टाकायला हवी होती. पण अण्णांना न विचारता त्यांचे लिखाण पुसणे हाही आगाऊपणाच वाटला. उद्या सांगू आणि मग पुसू, असे म्हणून मी झोपले. झोपण्याआधी इंटरनेट मात्र सवयीने चालू केले. लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइली आपोआप घराच्या त्या एका खात्यात जाऊन बसतात, हे मला माहीत होते. माहीत असणे आणि वेळेवर आठवणे ह्या दोन गोष्टी आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ओट्याशी बसून मेथी निवडत होती. खाली बघतच तिने विचारले, "काय गं, 'कजर्' म्हणजे काय?"

मी म्हटले, "कुठे वाचलंस?"

"फोनात. रेशन दुकानात कार्ड मागत होते, म्हणून त्याचा फोटो शोधायला 'रेशन' लिहिलं. तर ह्यांचं काहीतरी निघालं."

मी काहीच बोलले नाही. तो मजकूर जुन्या फाँटात असता तर 'रेशन' लिहून जन्मात सापडला नसता. युनिकोडमध्ये आणल्याबरोबर तो सापडण्याजोगा झाला, आणि ते आणण्याचे काम मी केले होते.

आईने काड्या बाजूला सारल्या. म्हणाली, "ह्यांचं शुद्धलेखन तर चांगलं होतं." आणि पुढची जुडी सोडली. 'कजर्' म्हणजे काय हे तिने पुन्हा विचारले नाही.

मी घाईघाईने ती फाइल पुसली. पुसली म्हणजे काय, तर कचऱ्याच्या टोपलीत गेली. टोपली तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. संध्याकाळी दुकानात गेले. अण्णा शटर ओढून कुलूप घालत होते.

"अण्णा, 'लग्नपत्रिका नमुना ९' माझ्याकडून उघडली गेली."

त्यांनी किल्ली फिरवली, कुलूप ओढून बघितले, पुन्हा एकदा ओढून बघितले. मग म्हणाले, "सगळी वाचलीस?"

"अर्धं पान."

"मजकूर वाचायचा नसतो, सांगितलं होतं."

"हो."

आम्ही चालू लागलो. कचेरीच्या कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं होतं, मशीनबरोबर ते गेलं. आता कुणालाच वाचता येत नाही म्हणून बरं वाटलं होतं. फाँट मुद्दामच आणला नाही."

मग मला उरलेलेही सांगावे लागले. आईचे ऐकून ते थांबले. "कुठपर्यंत वाचलं तिने?"

"कर्जापर्यंत तरी."

घर येईपर्यंत ते गप्प होते. त्या रात्री त्या दोघांचे काय बोलणे झाले, झाले की नाही, मला ठाऊक नाही. मी मागच्या खोलीत होते, आणि ह्या खेपेला खरोखरच कान बंद करून होते.

दोन दिवसांनी जेवणानंतर अण्णा म्हणाले, "ती फाइल टोपलीत आहे म्हणालीस ना? काढ बाहेर. वाचणारच असेल ती, तर शुद्ध तरी वाचू दे."

"मी रफार नीट करून देऊ?"

"तू नको. मला शिकव."

म्हणून मी अण्णांना युनिकोड शिकवले. 'कर्ज' लिहायचे तर आधी क, मग र, मग र चा पाय मोडायचा, मग ज. अण्णांची बोटे ऐकेनात. "रफार आधी कसा येईल? ज्याच्या डोक्यावर बसायचा तो ज तर अजून आलाच नाही!" असे दोन-तीन संध्याकाळी चालले. चाळीसच्या वेगाचा माणूस एका बोटाने एकेक अक्षर शोधत होता. पण शिकले.

आता रोज रात्री ते मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसतात, म्हणजे मागून कुणाला पडदा दिसत नाही. आई चहा ठेवून जाते. ठेवताना मान वळवून घेते. आठ दिवसांत चार पाने झाली. माझे भूगोल-स्वाध्याय अर्धवट पडून आहेत, कारण लॅपटॉप मला मिळत नाही.